जुना गीझर: दुरुस्त करायचा की मोडीत काढायचा?

दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला पहाटे साडेचारपासून माझा फोन वाजायला लागतो. उटणं वाटीत कालवून ठेवलेलं असतं, पोरं टॉवेल गुंडाळून कुडकुडत उभी असतात आणि गीझरचा दिवा लागत नाही. घाईघाईत माणसं त्याच दिवशी दुकानात जाऊन नवा गीझर आणतात. जुना उघडून पाहिला तर बऱ्याचदा फक्त थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की वीज तोडणारा भाग, गेलेला निघतो. उलटही तितकंच पाहिलंय. टाकी खालून झिरपतेय, तिला एम-सील फासून तीन हिवाळे काढलेत, आणि शेवटी एक दिवस नळाला हात लावल्यावर घरातल्या आजींना झटका बसतो.

सांगलीत गेली २२ वर्षं मी गीझर बसवतोय आणि उतरवतोय. गावभागातले जुने वाडे, विश्रामबागेतले फ्लॅट, कुपवाडकडची बोअरच्या पाण्यावरची घरं, सगळीकडे प्रश्न एकच असतो: "अजून चालेल का हो हा?" ज्यांनी गीझरच्या आत कधी डोकावलेलं नाही, त्यांना हा निर्णय स्वतः घेता यावा म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या. साठवणीच्या विजेच्या गीझरात पाणी तापवणारी कॉइल, थर्मोस्टॅट, तो अडकला तर वीज तोडणारा कटआऊट, पॅकिंग, सेफ्टी व्हॉल्व्ह, मॅग्नेशियमचा रॉड, वायर हे सगळं बदलता येतं. बदलता येत नाही ती टाकी. टाकीला भोक पडलं की गीझर संपला. म्हणजे पुढच्या सगळ्या तपासण्या करताना मनात एकच प्रश्न ठेवायचा: बिघाड टाकीत आहे की टाकीच्या आजूबाजूला?

तपासायला दिवस निवडा

खंडेनवमीला आपण घरातली यंत्रं पुसतो, हळदकुंकू वाहतो. त्याच दिवशी गीझर तपासा. दिवाळीला जेमतेम तीन आठवडे उरलेले असतात, वायरमनही मोकळा असतो आणि सुटे भाग मागवायचे तर वेळ मिळतो.

हात लावण्याआधी गीझरचा एमसीबी, म्हणजे बोर्डातली त्याची खटकी, खाली करा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या घरांत बटण न्यूट्रलवर बसवलेलं मी कित्येकदा पाहिलंय, म्हणजे बटण बंद असलं तरी आत करंट असतोच. यातलं जे पाहून, मोजून, ऐकून कळतं तेवढंच तुम्ही करायचं. झाकण उघडायचं काम वायरमनचं.

पायरी पहिली: वय आणि पाणी

गीझरच्या अंगावर एक पट्टी असते. तिच्यावर लिटर, वॅट, दाब आणि बहुतेक वेळा बनवल्याचा महिना-वर्ष असतं. पट्टी पुसली असेल तर बिल किंवा वॉरंटी कार्ड शोधा. टाकीवर साधारण ५ ते ७ वर्षांची वॉरंटी असते आणि ती बिलाशिवाय मिळत नाही. फ्लॅट जुना घेतला असेल तर आधीच्या मालकाला विचारायला लाजू नका.

पण नुसत्या वयावर जाऊ नका. गीझरचं आयुष्य ठरवतं ते पाणी. साताऱ्यात कासचं पाणी येणाऱ्या घरात १२ वर्षांचा गीझर आतून स्वच्छ निघालेला मी पाहिलाय. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे बोअरवर चालणारा तसाच गीझर ५-६ वर्षांत टेकीला येतो. नदीकाठच्या क्षारपड पट्ट्यातल्या विहिरींचीही तीच गत. पिण्याच्या पाण्यात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालेल, असं भारतीय मानक सांगतं. तुमच्या बोअरचं पाणी एकदा तपासून घ्या. बादलीच्या कडेला पांढरी पुटं चढत असतील, साबणाला फेस येत नसेल, तर आकडा न कळताही अंदाज येतो.

पाणी तापलं की त्यात विरघळलेले कॅल्शियमचे क्षार वेगळे होऊन कॉइलवर आणि टाकीच्या तळाशी बसतात. जितकं जास्त तापवाल तितके लवकर. थर्मोस्टॅट ७५ वर ठेवून वर दोन बादल्या गार पाणी मिसळणारी घरं स्वतःच्या हाताने टाकीत चुना भरत असतात. ५५ ते ६० अंश अंघोळीला भरपूर झाले.

कुपवाडच्या एका घरात सात वर्षांचा गीझर उघडला तेव्हा आतून पांढऱ्या खपल्यांची अर्धी बादली निघाली. घरच्यांची तक्रार होती, "आवाज करतो." खदखद, कडकड असा आवाज येतो तो याचाच. क्षारांच्या थराखाली अडकलेलं पाणी उकळून वाफ होतं आणि फुटतं. त्या गीझरची टाकी शाबूत होती. साफ केला, कॉइल आणि रॉड बदलला, अजून चालू आहे.

पायरी दुसरी: घड्याळ लावा

ही तपासणी कुणीही करू शकतो आणि ती फार काही सांगून जाते. टाकी पूर्ण गार पाण्याने भरलेली असताना गीझर चालू करा आणि दिवा विझेपर्यंतची मिनिटं मोजा. १५ लिटरचा, २००० वॅटचा गीझर ६० अंशांवर ठेवला असेल तर उन्हाळ्यात १८-२० मिनिटं आणि कडक थंडीत २३-२५ मिनिटं लागायला हवीत. २५ लिटरच्या गीझराला याच्या पावणेदोन पट वेळ धरा.

वेळ फार जास्त लागत असेल तर गीझरला बोल लावण्याआधी व्होल्टेज बघा. २३० ऐवजी २०० व्होल्ट येत असतील तर कॉइलची ताकद पाऊणपटीवर येते. गावाकडे मळ्यातल्या मोटारी चालू असतात त्या वेळी हे हमखास होतं. दुसऱ्या वेळेला पुन्हा मोजून पाहा. व्होल्टेज बरोबर असूनही वेळ दीडपट लागत असेल तर वायरमनला कॉइल तपासायला सांगा.

दिवा पाच-सात मिनिटांतच विझतो आणि पाणी कोमटच राहतं, तेव्हा कॉइलभोवती क्षार माजलेले असतात. थर्मोस्टॅटला जवळची गरमी लागते आणि तो फसतो. साफसफाईने हे सुटतं.

तिसरी शक्यता अशी की वेळ बरोबर लागतो, सुरुवातीला पाणी कडक येतं, पण पूर्वी दीड बादली मिळायचं ते आता पाऊण बादलीवर गार पडतं. टाकीची जागा गाळाने खाल्लीय किंवा गार पाणी आत सोडणारी नळी तुटलीय. याचा निकाल झाकण उघडूनच लागतो.

क्षार साचले की बिल दुप्पट होतं असं बरेच जण सांगतात. ते मला पटत नाही. कॉइलची उष्णता शेवटी पाण्यातच जाते. क्षारांमुळे कॉइल स्वतः जास्त तापते आणि लवकर जळते, खरं नुकसान ते. बिल वाढतं ते टाकीभोवतीचा फोम खराब झाल्यावर. रात्री १० ला पाणी तापवून गीझर बंद करा, सकाळी ६ ला नळ सोडा. चांगला गीझर तेव्हाही बऱ्यापैकी गरम पाणी देतो. अगदी गार आलं तर फोम भिजलाय, आणि फोम भिजलाय तर पाणी कुठून तरी झिरपतंय.

पायरी तिसरी: दोन बादल्या

एका पांढऱ्या बादलीत गार नळाचं पाणी घ्या, दुसरीत गीझरचं. दोन्ही लालसर असतील तर दोष पाइपात किंवा वरच्या टाकीत. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गढूळ असतं, तेव्हा ही तपासणी करूच नका. फक्त गरम पाणी लालसर, गंजाच्या रंगाचं येत असेल तर टाकीला आतून गंज धरलाय.

इथे मॅग्नेशियमच्या रॉडबद्दल सांगायला हवं, कारण बहुतेकांना तो असतो हेच माहीत नसतं. लोखंडी टाकीला आतून काचेसारखा लेप असतो. त्या लेपाला बारीक तडे जातातच. तिथलं लोखंड गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमची कांडी बसवतात. पाणी आधी ती कांडी खातं आणि टाकी वाचते. कांडी संपली की पाळी टाकीची. बोअरच्या पाण्यावर दरवर्षी, नळाच्या पाण्यावर दोन वर्षांनी ती काढून बघायची. मधली तार उघडी पडली असेल तर नवी घालायची. माझ्याकडे येणाऱ्या फुटलेल्या टाक्यांपैकी कितीतरी टाक्यांची कांडी बसवल्या दिवसापासून कुणी पाहिलेलीच नसते. फार कमी पैशांत टळणारं नुकसान आहे हे, म्हणून मला त्याची हळहळ वाटते.

रॉड संपल्यावर लगेच बदलला तर गीझर वाचू शकतो. लाल पाणी महिनोन्‌महिने येत असेल तर टाकी फार दिवस टिकणार नाही, नव्याची तयारी ठेवा.

पायरी चौथी: गळती नेमकी कुठून

निर्णय बहुतेक वेळा इथेच होतो. गीझर पूर्ण कोरडा पुसा. गार-गरम पाइपांच्या सांध्यांवर, सेफ्टी व्हॉल्व्हवर आणि बुडाच्या झाकणाभोवती टिश्यू पेपर गुंडाळा. दोन तासांनी कुठला कागद ओला झालाय ते बघा.

सांध्यांवरचा कागद ओला असेल तर वॉशर किंवा कनेक्शन पाइप बदलायचा. दहा मिनिटांचं काम.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापतानाच थेंब पडत असतील तर बहुधा तो त्याचं कामच करतोय. पाणी तापलं की फुगतं. २० अंशांचं १५ लिटर पाणी ६० वर गेलं की पाव लिटरच्या आसपास वाढतं. नॉन रिटर्न व्हॉल्व्हमुळे ते मागे जाऊ शकत नाही, मग या वाटेने बाहेर येतं. गीझर बंद असतानाही थेंब पडत राहिले तर व्हॉल्व्ह बदला. पण तो कधीही बुजवू नका. त्याला लाकडी खुंटी मारलेली, एम-सील भरलेलं मी पाहिलंय. थर्मोस्टॅट आणि कटआऊट दोन्ही अडकले तर आतल्या दाबाला तीच एक वाट असते. ती बंद केलेली टाकी स्फोटासारखी फुटते. भिंती पाडणारा दाब असतो तो.

बुडाच्या झाकणाभोवती ओल असेल तर पॅकिंग गेलंय. हेही बदलता येतं. बोल्ट गंजून तुटतात म्हणून दुरुस्तीवाले कधी कधी "टाकी गेली" म्हणतात. झाकण उघडून, टॉर्च मारून टाकी दाखवायला सांगा. तुमचा तो हक्क आहे.

आणि सांधे कोरडे, व्हॉल्व्ह कोरडा, झाकण कोरडं, तरी बाहेरच्या आवरणाच्या फटीतून पाणी येतंय? टाकी फुटली. वेल्डिंग करून आणू नका. त्या उष्णतेने आतला लेप उडतो आणि काही महिन्यांत शेजारी दुसरं भोक पडतं. शिवाय भिजलेल्या फोममधून पाणी वायरींपर्यंत पोचतं. हा गीझर त्याच दिवशी बंद करायचा, सणापर्यंत रेटायचा नाही.

आमच्या आजीचा तांब्याचा बंब पन्नास वर्षं टिकला, मग गीझर का टिकू नये, असं लोक विचारतात. बंबात दाब नसतो, वरचं झाकण उघडलं की आतलं सगळं दिसतं आणि तांबं लोखंडासारखं गंजत नाही. गीझर म्हणजे दाबाखालचं बंद भांडं. त्याला बंबाचा न्याय लावू नका.

पायरी पाचवी: वीज

नळाला हात लावल्यावर मुंग्या येतात, "थोडासा करंट मारतो, पण चालतंय" असं कुणी म्हणालं की माझा जीव वर-खाली होतो. ओल्या अंगाने, ओल्या फरशीवर उभं असताना थोडा करंट नावाची गोष्ट नसते. एमसीबी खाली करा आणि वायरमन येईपर्यंत चुलीवर पाणी तापवा. बहुधा कॉइलचं आवरण फुटलेलं असतं आणि अर्थिंग तुटलेली असते. दोष दोन असतात, म्हणून दोन्ही दुरुस्त व्हायला हवेत. कॉइल बदलून अर्थिंग तशीच सोडली तर पुढच्या वेळी तेच.

करंट गळला की वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बोर्डात असलाच पाहिजे. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा, तो पडला पाहिजे. गीझर लावला की आरसीसीबी पडतो म्हणून तो काढून थेट जोड देणारे लोक आहेत. तुमच्या घरात असं कुणी केलं असेल तर आजच परत बसवून घ्या. नवी कॉइल घालूनही तो पडत राहिला तर आतलं वायरिंग आणि फोम भिजलेला आहे. मग मी गीझर बदलायलाच सांगतो.

प्लग काळा पडला, वितळला, त्यात गीझरचा दोष नसतो. २००० वॅटला जवळपास ९ अँपिअर लागतात. सैल सॉकेट तेवढ्यावर तापतं. १६ अँपिअरचं चांगलं सॉकेट बसवा. गावभागातल्या जुन्या वायरिंगवर टीव्हीच्या छोट्या पॉइंटला गीझर जोडलेला दिसतो, तिथे आधी मेन बोर्डापासून वेगळी जाड तांब्याची लाइन ओढून घ्या.

पुरात बुडालेल्या गीझरबद्दल दोन शब्द. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर सांगलीत असे शेकडो गीझर लोकांनी उन्हात वाळवून पुन्हा लावले. फोममध्ये शिरलेलं गाळाचं पाणी उन्हाने वाळत नाही, ते आतून पत्रा खातं. माझं मत स्पष्ट आहे: पूर्ण बुडालेला गीझर वय काहीही असो, बदला.

गॅस गीझर असेल तर

याचे नियम वेगळे आहेत, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. गॅस गीझर जुना झाला की पाणी कमी तापतं, पण खरा धोका तो नाही. बंद बाथरूममध्ये बर्नर जळताना ऑक्सिजन संपत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय गळतात, आणि कडी काढायचं भान येण्याआधी माणूस खाली बसतो. थंडीत आपण व्हेंटिलेटरला पुठ्ठा लावतो, त्या दिवसांत हे घडतं.

म्हणून गॅस गीझरचं वय विचारण्याआधी जागा विचारा. तो बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत असायला हवा. आत यावी फक्त गरम पाण्याची नळी. आत असेल तर नवाकोरा असला तरी हलवा.

मग ज्योत पाहा. निळी आणि स्थिर हवी. पिवळी, लवलवती, काजळी धरणारी असेल तर लगेच बंद करा आणि सर्व्हिसिंग होईपर्यंत वापरू नका. सर्व्हिसिंगनंतरही पिवळी राहिली तर आतली तांब्याची जाळी चोंदलीय, गीझर बदला. ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद होत नसेल, किंवा ऑक्सिजन कमी पडल्यावर बंद करणारा सेन्सर त्यात मुळातच नसेल, तर तो चालत असला तरी मोडीत काढा. पेटायला वेळ लागणं मात्र बहुधा सेल उतरल्यामुळे असतं. आधी सेल बदलून पाहा. गॅसच्या नळीवर तारीख छापलेली असते, ती ५ वर्षांनी बदलायचीच.

अंघोळीला गेलेलं माणूस हाकेला ओ देत नसेल तर दार तोडा, रेग्युलेटर बंद करा, त्याला उघड्यावर आणा आणि १०८ ला फोन करा. गॅसचा वास आला तर कुठलंही बटण दाबू नका, बाहेर येऊन १९०६ लावा.

आता निर्णय

टाकी फुटली, तर नवा. टाकी चांगली आणि वय ५ वर्षांच्या आत, तर दुरुस्ती, पण आधी वॉरंटी कार्ड बघा. मधल्या वयाला मी असं करतो: झाकण उघडून टाकी आतून पाहतो. लेप शाबूत असेल तर कॉइल, थर्मोस्टॅट, रॉड, पॅकिंग एकदमच बदलून टाकायला सांगतो. गंजाचे फोड दिसले तर एक रुपयाही घालू देत नाही. दुरुस्ती नव्या गीझरच्या निम्म्या किमतीपर्यंत जात असेल आणि वय ८ च्या पुढे असेल तरीही नवाच घ्या.

नवा घेताना दुकानदार रंग आणि डिस्प्ले दाखवेल. तुम्ही टाकी विचारा. क्लोराइड जास्त असलेल्या खाऱ्या बोअरवर स्टीलच्या टाकीला वेल्डिंगपाशी बारीक भोकं पडू शकतात. तिथे काचेच्या लेपाची टाकी आणि जाड मॅग्नेशियम रॉड मी पसंत करतो. तिघा-चौघांच्या बादलीच्या अंघोळीला १५ लिटर पुरतं. शॉवर असेल तर २५. गच्चीवरच्या टाकीचा दाब दुमजली घरात एका बारपेक्षा कमीच असतो, पण उंच इमारतीत प्रेशर पंप असेल तर ८ बारचा गीझर मागा. स्टार जास्त म्हणजे साठवलेल्या पाण्याची उष्णता कमी वाया जाते. दिवसभर गीझर चालू ठेवणाऱ्या घराला त्याचा फायदा जास्त, सकाळी अर्धा तास लावणाऱ्याला कमी.

जुना गीझर गावाकडच्या घरी पाठवू नका. इथे आईवडलांसाठी नवा आणि तिथे शेतातल्या घरात कामकरी माणसांसाठी गळका, असं मी पाहिलंय. तिथे अर्थिंग तर बहुधा त्याहून कच्ची असते. प्लग कापून टाका आणि भंगारात द्या, म्हणजे तो पुन्हा कुठे लागणार नाही.

नवा बसवताना जुन्याच खिळ्यांवर टांगू देऊ नका. २५ लिटरचा गीझर भरल्यावर ३५ किलोच्या आसपास जातो, त्याला नवे बोल्ट हवेत, आणि ते विटेत घट्ट बसायला हवेत, गिलाव्यात नाही. पाइप जोडले की गरम पाण्याचा नळ उघडा, आधी हवा फुसफुसेल, मग धार सलग येईल. तोपर्यंत लाइट चालू करायची नाही. रिकाम्या टाकीत कॉइल एका मिनिटात जळते आणि ते वॉरंटीत बसत नाही. पाणी एकदा तापलं की मिनिटं मोजा आणि मार्करने गीझरच्या बाजूला लिहून ठेवा: बसवल्याची तारीख, तापायला लागलेली मिनिटं आणि रॉड पुन्हा बघायचा तो महिना.